काळ्या पडद्यावरचं पत्र

सगळे तिला धाकटी म्हणत. घरात दोघी बहिणी, त्यातली ती लहान, एवढंच त्याचं कारण. पण शिंप्याचं दुकान आणि इस्त्रीवाल्याचं दुकान यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात तिने लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान थाटलं, तेव्हा शिंप्याने मोठ्या बहिणीच्या तोंडून ते नाव ऐकलं आणि पंधरवड्यात गिऱ्हाइकंही "धाकटीकडे टाक, ती करून देईल" म्हणायला लागली. आता ती चाळिशीला टेकली होती, केसांत पांढरी बट आली होती, तरी धाकटीच.

एकोणीस वर्षांत तिने लॅपटॉपच्या पोटात काय काय पाहिलं नव्हतं! मुंग्यांची वसाहत, मांजराचे केस, सांडून नासलेलं दूध, एकदा तर अख्खी वाळलेली पाल. नाक मुरडून चालणारा हा धंदा नव्हे, असं ती स्वतःच नव्या कारागिरांना सांगत असे. म्हणून त्या दिवशी जे झालं ते तिला जास्तच लागलं.

सकाळी अकराच्या सुमारास सर आले. तीस वर्षं मुख्याध्यापक होते. दोघी बहिणी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. निवृत्तीनंतर ते आपल्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष झाले होते, आणि त्या भागात असं घर नव्हतं जिथे सर आल्यावर बसलेला माणूस उठून उभा राहत नसे. पांढराशुभ्र कडक सदरा, घडी मोडली नाही असा रुमाल, त्याला मंद अत्तराचा वास. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला.

"चालू होतो, बाळ. दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो. पण पडदा काळा तो काळाच."

संध्याकाळपर्यंत त्यांना काहीतरी महत्त्वाचं पाठवायचं होतं. तोवर समोरच्या गल्लीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासणी होती, ती उरकून चारला येतो म्हणाले. जाता जाता वळून त्यांनी बजावलं, की आत खासगी कागद आहेत, फायलींना हात लावू नकोस. धाकटी हसली. गिऱ्हाइकाच्या फायलींशी आपल्याला काय करायचंय, असं ती म्हणाली, आणि ते खरंही होतं. दुकान टाकल्यापासून तिने हा एक नेम पाळला होता.

ते गेले आणि तिने झाकण उघडलं. आधी वास आला. ओलं फडकं बादलीत विसरून आठवड्याने सापडावं तसा, आंबूस. मग तिने दिवा जवळ ओढला.

बटणांवर मळाचा पिवळट काळा थर होता, इतका जाड की काही अक्षरं वाचताच येत नव्हती. बटणांच्या फटीत कापलेली नखं. एक दोन नव्हे, मूठभर. म्हणजे हा माणूस यंत्रासमोर बसूनच नखं काढत होता आणि ती तिथेच झटकत होता. एका कोपऱ्यात खोकल्याचं औषध सांडून गोंदासारखं वाळलं होतं आणि त्यात केस रुतले होते. पडद्यावर शिंकांचे वाळलेले शिंतोडे. जिथे मनगट टेकतं तिथे तेलकट चकाकी, आणि तिने बोट लावलं तर बोट चिकटलं.

तिने हातमोजे चढवले आणि मनातल्या मनात स्वतःला दटावलं. म्हातारा एकटा माणूस. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, मोठी बहीण, ताई, नर्स होती, तिच्याच वॉर्डात गेली. घरात बघणारं कुणी नाही. त्या कडक सदऱ्याचं श्रेय शेजारच्या इस्त्रीवाल्याला होतं, एवढंच. असं म्हणून ती कामाला लागली.

बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला. मोठ्या अक्षरांचं बटण दाबल्यावर त्याच्यावरचा चिमुकला दिवा लागत विझत होता, आवाजाचं बटण टुक टुक बोलत होतं. म्हणजे यंत्राचं डोकं शाबूत होतं, फक्त तोंड गेलं होतं. सर लॅपटॉप बंद न करता नुसतं झाकण मिटत असणार. तो झोपेतून उठावा तसा उठला होता. एरवी तिने दुकानातला दुसरा पडदा जोडून पाहिला असता, पण त्याची खाच कसल्याशा राखाडी लगद्याने बुजली होती. तो लगदा काय आहे हे तिला जाणून घ्यायचं नव्हतं. तिने टॉर्च उचलला.

ही युक्ती जुनी आहे. पडद्याच्या मागचे दिवे गेले की चित्र असतं, पण अंधारात असतं. टॉर्च तिरका धरला की तळहाताएवढ्या गोलात ते अंधूक दिसतं. धाकटीला अशा वेळी बहुधा कुणाची नातवंडं दिसत, नाहीतर फुलं, डोंगर. आज अक्षरांच्या ओळी दिसल्या. चित्र आहे, म्हणजे दोष फक्त मागच्या दिव्यांचा किंवा तिथे जाणाऱ्या तारेचा. निदान झालं होतं. टॉर्च तिथेच विझवायला हवा होता.

पण त्या गोलात तिच्या बहिणीचं नाव होतं. पूर्ण नाव, पुढे हुद्दा.

तिला वाटलं, सरांनी ताईसाठी शिफारस लिहिली असेल. ताईला अडीच वर्षांनी पुन्हा रुग्णालयात नोकरी मिळाली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. मागच्याच आठवड्यात सर रस्त्यात भेटले तेव्हा ताईने ही बातमी घरच्यांच्याही आधी त्यांना सांगितली होती, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शाब्बास म्हटलं होतं. धाकटीने टॉर्च सरकवला.

"आपल्या रुग्णालयात रुजू होत असलेल्या या परिचारिकेविषयी सावध करणं हे मी एक नागरिक म्हणून माझं कर्तव्य समजतो." पुढच्या गोलात औषधांचं कपाट आणि त्यातून नाहीशा होणाऱ्या गोळ्या होत्या. त्याच्या पुढच्या गोलात पुरुष रुग्ण आणि त्यांच्याशी ताईचं 'वागणं'. ते कसं, याचं वर्णन सविस्तर होतं, चवीचवीने केलेलं, मध्ये मध्ये 'लिहितानाही लेखणी अडखळते' असं म्हणत. मग 'साळसूदपणाच्या बुरख्याआड'. शेवटी सही होती: एक हितचिंतक.

'साळसूदपणाच्या बुरख्याआड' हे शब्द तिला पाठ होते. जवळजवळ तीन वर्षांपूर्वी ताईच्या जुन्या रुग्णालयात एकामागून एक तीन निनावी पत्रं गेली होती. चौकशी बसली. सिद्ध काही झालं नाही, पण ताईला वॉर्डातून काढून सामानाच्या खोलीत बसवलं, आणि मग सौम्य शब्दांत राजीनामा मागितला. सरांच्याच इमारतीत ती राहत होती. जिन्यात लोक तिला पाहून कुजबुजायला लागले, तेव्हा ती खोली सोडून धाकटीकडे आली. तेव्हापासून घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना इंजेक्शनं देत होती. ती पत्रं समोर ठेवून दोघी बहिणींनी किती संध्याकाळी काढल्या होत्या, हे कुणी लिहिलं असेल म्हणून.

धाकटी मागच्या नळावर गेली, वाकून थुंकली, चूळ भरली. तोंडातली कडू चव जाईना. नखांपेक्षा, शिंतोड्यांपेक्षा वाईट होतं ते शुद्धलेखन. एक वेलांटी चुकलेली नव्हती. डोक्यावर ठेवलेला तोच हात घरी जाऊन या बुरसटलेल्या बटणांवर बसला होता आणि एकेक शब्द जुळवत होता, मध्येच नख काढत होता, पुन्हा जुळवत होता.

परत आल्यावर तिने पत्र जतन केलं आणि यंत्र बंद केलं. हातांना काम हवं होतं. पडद्याची चौकट उचकटली तशी बिजागरीतून झुरळांच्या अंड्यांची तपकिरी टरफलं टेबलावर सांडली. पाठोपाठ एक जिवंत झुरळ निघालं आणि हातमोज्याच्या काठावरून थेट तिच्या मनगटावर चढलं. तिने हात झटकला, ते भिंतीवर आपटून पळालं. पडद्याकडे जाणारी तार झुरळांनी कुरतडली होती, वर काळा चिकट लेप. तिने ब्रशने आणि स्पिरिटने सगळं खरवडून काढलं आणि भंगाराच्या खोक्यातल्या तशाच एका लॅपटॉपची तार बसवली. बटण दाबलं. पडदा लख्ख उजळला.

आता तिने नेम मोडायचा म्हणून मोडला. पत्र ज्या कप्प्यात होतं तो उघडला. कप्प्याचं नाव 'शालेय'. आत एक्केचाळीस पत्रं होती, सगळ्यात जुनं अकरा वर्षांपूर्वीचं. ताईवरची जुनी तिन्ही आणि हे चौथं. इमारतीच्या पहारेकऱ्यावर दोन. तो चोर म्हणून हाकलला गेला होता. एकट्या राहणाऱ्या भाडेकरू बाईवर चार. शाळेतल्या एका तरुण मास्तरावर सहा, आणि ती वाचताना धाकटीला आठवलं की त्या मास्तराच्या निरोपाला सरांचे डोळे भरून आले होते म्हणे. सगळी नीट समास सोडून, तारीखवार लावलेली. तिने एक प्रत स्वतःकडे उतरवून घेतली आणि ताईला फोन केला. दुकानात ये, आत्ता ये, एवढंच सांगितलं.

ताई अर्ध्या तासात आली, खांद्याला इंजेक्शनांची पिशवी तशीच. तिने उभ्यानेच वाचलं. मग स्टुलावर बसली. रडेल असं धाकटीला वाटलं होतं; ताई रडली नाही. तिने तोंडावर हात दाबून धरला, मळमळणारा माणूस धरतो तसा, मग हात काढून म्हणाली, "बाईंच्या पाठीमुळे."

मग तिने सांगितलं, तीन वर्षांत पहिल्यांदा. सरांच्या बायकोला आणलं तेव्हा केस विंचरलेले होते, कोरं लुगडं, अंगाला अत्तर. नव्या चादरीत गुंडाळून आणलं होतं. ताईने त्यांना कुशीवर वळवलं आणि अत्तराखालचा वास बाहेर आला. पाठीला, कमरेला जखमा होत्या, हाडापर्यंत गेलेल्या. आठवडेच्या आठवडे बाई एकाच अंगावर पडून होत्या. मदतीला कुणी ठेवलं असतं तर घराची अवस्था चव्हाट्यावर आली असती, म्हणून सरांनी कुणाला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. ताईने जखमा धुतल्या, केसपेपरवर जसं दिसलं तसं लिहिलं, आणि बाहेर येऊन हळू आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असं, सरांना एकच वाक्य म्हणाली: यांना रोज कुणीतरी वळवायला हवं होतं. सरांनी मान डोलावली, तू बरोबर बोललीस म्हणाले. बाई बाराव्या दिवशी गेल्या. पहिलं पत्र त्यानंतर महिन्याने आलं.

"मला कधी शंकासुद्धा आली नाही," ताई म्हणाली. "माझे सर होते ते."

चार वाजता सर आले, भिंतीला हात लावत. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले होते, जवळचं काही नीट दिसत नव्हतं, उजेड टोचत होता. स्टुलावर कुणीतरी बाई बसली आहे एवढं त्यांना दिसलं असावं. कुणी गिऱ्हाईक समजून त्यांनी मान लववली. धाकटीने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. पडद्यावर पत्र उघडं होतं.

"झाला का? वा. मला आज वाचता यायचं नाही बाळ, पण पांढरं दिसतंय. बंद करून दे."

"मी वाचून दाखवते," ताई म्हणाली, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. आवाज चढवला नाही. पाळी संपताना पुढच्या नर्सला रुग्णाची नोंद वाचून दाखवावी तसा सपाट स्वर. कपाट वाचलं. पुरुष रुग्ण वाचले. बुरखा वाचला. स्वतःचं नाव आलं तेव्हाही थांबली नाही. शेजारी शिंप्याचं मशीन थांबलं होतं.

सर पहिल्या दोन ओळी आवाजाच्या दिशेने डोळे बारीक करून बघत राहिले. मग त्यांनी आवाज ओळखला. धाकटी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. लाज दिसेल, निदान भीती तरी दिसेल, याची ती वाट बघत होती. दिसला तो राग, वर्गात कुणी मध्येच बोललं की दिसायचा तसा. ते आधी तिच्याकडेच वळले.

"गिऱ्हाइकाचे खासगी कागद वाचतेस तू? लोकांना कळलं तर या दुकानाची पायरी कोण चढेल?"

"वाचले," धाकटी म्हणाली. "चुकीचंच केलं, आणि मी केलं. खाली माझं नाव घालून सांगा सगळ्यांना."

मग ते ताईशी बोलले. तीस वर्षांत त्यांना कुणी तोंडावर असं बोललं नव्हतं, ते म्हणाले. काल शाळेतून गेलेली पोर त्यांना कर्तव्य शिकवते. त्यांनी त्या घरात काय भोगलं हे कुणाला ठाऊक नाही. बोलता बोलता त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले, आणि ते अश्रू होते की थेंबांचं पाणी, हे सांगता आलं नसतं.

"मी केसपेपरवर लिहिलं ते खोटं होतं का, सर?" ताईने विचारलं.

त्यांनी हात पुढे केला आणि लॅपटॉप मागितला. धाकटीने तो पुसून, पिशवीत घालून त्यांच्या हातात दिला. दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा बिघडवून द्यावी असं मघाशी तिच्या मनात येऊन गेलं होतं, पण ते तिच्या हातून झालं नसतं.

दुकानाला दोन पायऱ्या होत्या. उन्हात डोळे दिपून सरांचा पाय दुसऱ्या पायरीवर चुकला, आणि ते पडणार तेवढ्यात ताईने उठून त्यांना कोपराशी धरलं. विचार करून नव्हे. हात आपोआप गेला. तिने त्यांना पायरीवर बसवलं, समोरून भाड्याची गाडी थांबवली, आत बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली आणि चालकाला इमारतीचा पत्ता सांगितला. 

परत आत येऊन ताई नळावर गेली आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागली. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. धाकटीच्या अंगावर शहारे येत होते. त्या माणसाला हात कसा लावलास, असं तिने विचारलं.

"पडला असता," ताई म्हणाली, आणि तिसऱ्यांदा साबण लावला.

शनिवारी ताई पत्रांच्या प्रती घेऊन स्वतःच नव्या रुग्णालयाच्या मेट्रनकडे गेली. हे तुमच्याकडे येणारच आहे, म्हणून मीच आणलं, असं म्हणाली. मेट्रनने चारही पत्रं वाचली, चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला, की बाईंच्या जखमा किती खोल होत्या. ताईने सांगितलं. सोमवारी सातला या, उशीर करू नका, असं म्हणून मेट्रनने प्रती कपाटात ठेवल्या. चौथं पत्र कधी आलंच नाही. जुन्या रुग्णालयाने महिनाभराने दोन ओळींचा खेद कळवला. त्यात ताईचं नाव चुकीचं लिहिलं होतं.

बाकीच्या पत्रांचं काय करायचं यावर दोघींची बरीच वादावादी झाली. शेवटी ज्याचं त्याला सांगायचं ठरलं. पहारेकरी सापडला, त्याला सांगितलं. तरुण मास्तर दूर कुठे गेला होता, त्याला कळवलं, उत्तर आलं नाही. भाडेकरू बाईने मात्र आपली चारही पत्रं मागून घेतली आणि इमारतीच्या सूचनाफलकावर लावली. ती दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढून टाकली. सरांनी प्रकृतीचं कारण देऊन अध्यक्षपद सोडलं. निम्मी इमारत म्हणते, सर असं करणार नाहीत, यंत्रात कुणीही काहीही घुसडू शकतं. धाकटीकडची काही गिऱ्हाइकं तुटली, ते ती धरूनच चालली होती. इस्त्रीवाल्याकडे पांढरा सदरा अजून येतो, आणि तो टांगलेला दिसला की तिला पुन्हा तो आंबूस वास येतो.

ताईची मात्र वेगळीच गोष्ट अजून मिटलेली नाही. जुन्या वॉर्डात तिची एक जिवाभावाची मैत्रीण होती, बरोबरीची नर्स. ती पत्रं हिनेच लिहिली, अशी ताईची तेव्हा खात्री पटली होती, आणि सगळ्यांसमोर ती तिला वाटेल ते बोलली होती. परवा ताई तिच्या दारात गेली. सगळं सांगितलं, माफी मागितली. मैत्रिणीने ऐकून घेतलं, बरं झालं कळलं म्हणाली, पण दारातून बाजूला झाली नाही. घरी येऊन ताईने हे सांगितलं आणि म्हणाली, त्या माणसाची किळस येते ती वेगळी, ही माझी मला येते.

पुढच्या रविवारी ती पुन्हा जाणार आहे.